जर्नलमध्ये जे दिसले तेच लिहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपत्रकाविषयी जे म्हटले आहे, त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबरच विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापनही असावे, अशी अपेक्षा स्पष्टपणे नोंदवलेली आहे. त्यानंतर ‘समग्र प्रगती पत्रक’ हे शब्द प्रशिक्षणांतून आणि परिपत्रकांतून आम्हा शिक्षकांच्या चांगलेच अंगवळणी पडले. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपण काय शिकलो, कुठे अडलो, आधी काय समजत होतो आणि आता काय वाटते, याचा विचार करून चार ओळी लिहाव्यात, ही गोष्ट त्याला कोणत्या तासाला आणि कोणी शिकवायची, याचे उत्तर मला तरी कुठे मिळालेले नाही. मी एका तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्या विषयापुरते मला असे सुचवायचे आहे की, यासाठी नवा तास, नवे ॲप किंवा नवी योजना काढण्याची गरज नाही. प्रॅक्टिकलचे जर्नल आपल्याकडे आहेच आणि फोनही बहुतेक घरांत पोहोचले आहेत. या दोहोंची नीट सांगड घातली तर काम भागते. मात्र जर्नलकडून आपण, म्हणजे शिक्षकांनी आणि परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळानेही, आजवर जे मागितले ते मागणे आधी बदलावे लागेल.

आज जर्नल कसे तयार होते, हे विज्ञान शाखेतून गेलेल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. रेघी पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष. समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने काढलेली आणि एका रेषेत नावे दिलेली आकृती. डिसेंबर उजाडला की सबमिशनची धांदल उडते, मागच्या वर्षीच्या कुणा ताईचे ‘चांगले’ जर्नल वर्गभर फिरते आणि वर्षभराची निरीक्षणे तीन-चार रात्रींत जन्माला येतात. बारावीला जीवशास्त्राचे ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० गुण प्रात्यक्षिकाला आहेत. सही-शिक्क्याचे जर्नल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षा अडते, म्हणून ते कसेही करून पूर्ण होते. एक्स्टर्नल परीक्षक पाने चाळतात, मान डोलावतात आणि गठ्ठा कपाटात जातो. यात कोणी लबाडी करतो असे मला म्हणायचे नाही. व्यवस्थेने ‘काय दिसायला हवे होते’ हेच विचारले आहे आणि मुले त्याचे उत्तर नेटकेपणाने देतात.

कांद्याच्या मुळाच्या टोकाचे प्रॅक्टिकल घ्या. कांदा पाण्याच्या तोंडावर ठेवून मुळे फुटू द्यायची, सकाळच्या वेळी त्यांची टोके कापून ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायची, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने ती मऊ करायची, ॲसिटोकार्मिनने रंगवायची, जराशी आच द्यायची, वर कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था शोधायच्या. प्रत्यक्षात दिसते काय? बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत असतात. त्यांतून विभाजन नुकतेच सुरू झालेल्या काही प्रोफेज ओळखू येतात आणि नशिबाने साथ दिली तर गुणसूत्रे मधोमध रांगेत आलेली एखादी मेटाफेज हाती लागते. कव्हरस्लिप सरकली तर पेशी एकमेकींवर चढतात, रंग कमी बसला तर सगळेच फिकट गुलाबी दिसते. जर्नलमध्ये मात्र विभाजनाच्या चारही अवस्था असतात, एकेक टपोरी पेशी, ठसठशीत गुणसूत्रे. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, हे पाठ असलेली मुलगी आकृतीत चार किंवा सहाच काढते, कारण पुस्तकातल्या आकृतीत सोयीसाठी तेवढीच दाखवलेली असतात. हा फरक तिला खटकतही नाही, कारण ती आकृती तिने पाहिलेल्या कशाचीच नसते.

याच टेबलावर एक फोन आणला की काय होते, ते सविस्तर सांगते, कारण माझ्या पत्राचा मुद्दा त्यातच आहे. आयपीसवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या डोळा लावायच्या भिंगावर, फोनचा कॅमेरा धरायला मुलांना थोडा सराव लागतो. आधी कमी शक्तीची ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचे भिंग) लावायची, फोन आयपीसपासून बोटभर अंतरावर आणून हळूहळू जवळ न्यायचा, पडद्यावर उजेडाचे वर्तुळ स्थिर झाले की कोपर टेबलाला टेकवून फोटो घ्यायचा. एक जण फोन धरतो, दुसरा फाइन ॲडजस्टमेंट फिरवतो. फोटो फार सुंदर येत नाहीत, तसे ते येण्याची गरजही नाही. तो फोटो वर्गाच्या सामायिक दस्तऐवजात तारखेसह टाकायचा आणि त्याखाली स्वतःच्या शब्दांत तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची: काय दिसेल असे वाटले होते, काय दिसले, आणि फरक पडला असेल तर तो कशामुळे असावा. आठवड्याने त्याच नोंदीकडे परत यायचे आणि आता काय वाटते ते खाली जोडायचे. आधीचे लिहिलेले खोडायचे नाही. कोणी गुपचूप खोडलेच, तरी अशा दस्तऐवजात जुनी आवृत्ती सापडते, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलेले बरे.

फोटो समोर असला की मुलाला नसलेली ॲनाफेज, म्हणजे गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढली जाण्याची अवस्था, काढता येत नाही. मग ते वैतागून लिहिते की, आमच्या स्लाइडमध्ये काहीच आले नाही, सगळ्या पेशी सारख्याच आहेत. येथे शिक्षकाचे काम सुरू होते, आणि ते एकाच ओळीचे असते: ‘सारख्या दिसणाऱ्या किती आणि वेगळ्या किती, ते फोटोवर मोजा.’ मुले मोजतात. बाकीच्या टेबलांवरचे फोटो त्याच दस्तऐवजात असल्यामुळे तेही मोजतात आणि सगळीकडे तोच प्रकार असल्याचे त्यांच्या ध्यानात येते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने त्यानंतर लिहिले की, इतक्या पेशी याच अवस्थेत सापडत असतील तर पेशी या अवस्थेत सर्वांत जास्त वेळ राहत असणार. इंटरफेज ही पेशीचक्रातली सर्वांत दीर्घ अवस्था असते, हे वाक्य पुस्तकात छापलेलेच आहे आणि तिने ते वाचलेलेही होते. तरी हे अनुमान तिने स्वतः काढले होते आणि ते ‘फसलेल्या’ स्लाइडवरून काढले होते. मोजणीवरून पेशी किती वेगाने विभागत आहेत याचा अंदाज बांधण्याची पद्धत संशोधनातही वापरली जाते, एवढे सांगायला मला पाच मिनिटे पुरली. नेहमीच्या जर्नलमध्ये हे घडण्याची शक्यताच नव्हती, कारण तेथे स्लाइड कधी फसतच नाही.

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाचेही तसेच. कुंडीतल्या जास्वंदीच्या पानाला काळ्या कागदाची पट्टी लावायची, नंतर पान अल्कोहोलमध्ये उकळून, त्यात पिष्ट तयार झाले का ते पाहण्यासाठी आयोडीन टाकायचे. झाकलेला भाग रंगहीन राहतो, उघडा भाग निळा-काळा होतो, असे प्रत्येक जर्नल सांगते. ढगाळ ऑगस्टमध्ये, कुंडी आधी पुरेसा वेळ अंधारात ठेवलेली नसताना, पान अर्धवट उकळलेले असताना, सगळे पान तपकिरी होते. हे का झाले असावे, याचा विचार हाच त्या प्रयोगातला शिकण्याचा भाग आहे आणि आपण तोच गाळायला लावतो.

प्रयोगशाळेबाहेरच्या समजुतींसाठीही हीच रीत चालते. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, असा संदेश दरवर्षी वटपौर्णिमेच्या आसपास घरोघरच्या फोनवर येतो, कधी त्यात वडाचेही नाव असते. प्रकाशसंश्लेषण पाठ असलेली मुलेही तो निःशंकपणे पुढे पाठवतात. मी तो संदेशच वर्गाच्या दस्तऐवजात टाकते आणि विचारते की, हे खरे वाटते का, वाटत असल्यास कोणी सांगितले म्हणून, आणि शिकलेल्यापैकी कोणती गोष्ट याच्याशी जुळत नाही. ऑक्सिजन बाहेर पडतो तो पाण्याच्या विघटनातून आणि त्या विघटनाला प्रकाश लागतो, हे मुलांना येत असते; ते ज्ञान परीक्षेच्या कप्प्यात आणि पिंपळ आजीच्या कप्प्यात असतो. दोन्ही एका पानावर लिहावे लागले की गाठ पडते. काही हुशार मुले रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेणाऱ्या वनस्पतींचा दाखला शोधून आणतात आणि संदेश खरा ठरवू पाहतात. तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेणे वेगळे आणि ऑक्सिजन बाहेर सोडणे वेगळे, अशी चर्चा चांगली रंगते. वनस्पती दिवसा श्वसन करीत नाहीत, हा गैरसमजही याच ओघात वर येतो. कोरडा प्रश्न विचारला असता तर तो कधीच वर आला नसता, कारण ‘वनस्पती श्वसन करतात का’ याचे परीक्षेतले उत्तर सर्वांना येते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती भाषेची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले मूल अकरावीला विज्ञान शाखेत येते आणि एका उन्हाळ्यात सगळे इंग्रजीत होते. त्याचे इंग्रजी जर्नल उतरवून काढलेले असते, म्हणून निर्दोष असते, आणि त्यावरून त्याला काय समजले हे कळायला मार्ग नसतो. विचार करून लिहायची नोंद मराठीत लिहिण्याची, किंवा लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून ठेवण्याची मुभा दिली की तेच मूल मोकळे होते. परासरण (ऑस्मोसिस) म्हणजे काय, हे इंग्रजीत दोन ओळींत पाठ म्हणणारा मुलगा मराठीत सांगू लागला की कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटणाऱ्या पाण्यापर्यंत येतो, आणि मध्येच थबकून विचारतो की, मीठ आत शिरते की पाणी बाहेर येते? या प्रश्नाची इंग्रजी नोंद मला आजवर एकाही जर्नलमध्ये आढळलेली नाही. फोनवर मराठी बोलून ते टंकित करून घेण्याची सोय आता सर्रास उपलब्ध आहे. ती चुका करते, ‘पेशीभित्तिका’ म्हटले की भलतेच काही उमटवते, पण त्या चुका दुरुस्त करतानाही मूल आपले वाक्य पुन्हा वाचते, हा फायदाच म्हणायचा.

निरीक्षणांची प्रामाणिक वही ही जीवशास्त्रात काही नवी कल्पना नाही. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय नोंदवून ठेवली आहे: आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो ताबडतोब टिपून ठेवायचा, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मनातून लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. आपल्याकडे पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवून रोजच्या रोज नोंदी केल्या. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर नर ते पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हा क्रम त्या नोंदींतून उलगडला. घरटे कसे असते हे आधीपासून माहीत असलेल्या माणसाने माहीत असलेलेच लिहिले असते, तर हा क्रम हाती लागला नसता. आमच्या मुलांना सलीम अली यांचे नाव एका गुणाच्या प्रश्नापुरते माहीत असते. त्यांची नोंद ठेवण्याची रीत अभ्यासक्रमात आणणे तितके अवघड नाही. सीझनवॉचसारख्या उपक्रमात मुले एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, कळ्या, फुले आणि फळे नोंदवतात, तर ईबर्डवर पक्ष्यांच्या याद्या भरतात. मात्र केवळ माहिती भरून पाठवणे निराळे, आणि बहावा गेल्या वर्षीपेक्षा आधी का फुलला असावा यावर दोन ओळी लिहिणे निराळे. मला दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक वाटते.

शेजारच्या मध्य प्रदेशात तर हे सरकारी शाळांत करून दाखवले गेले आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू केला आणि जो पुढे एकलव्य संस्थेने चालवला, त्यात मुले गटात प्रयोग करीत, स्वतःच्या शब्दांत निरीक्षणे लिहीत आणि परीक्षेला पुस्तक व वही सोबत नेत. ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक पात्राला मुले पत्रे लिहून प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे मिळत. २००२ साली राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. मला त्यातून येथे एवढेच घ्यायचे आहे की, मुलाच्या लिहिण्याला कोणीतरी उत्तर देणारा असला तर मूल लिहिते. तेव्हा ते उत्तर टपालाने जात असे. आज ते त्याच संध्याकाळी जाऊ शकते. तंत्रज्ञानाचा मला दिसणारा खरा उपयोग हाच आहे. ॲनिमेशन, आभासी प्रयोगशाळा, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड हे सगळे चांगलेच आहे, परंतु त्यात मुलाकडे काहीतरी येते. मुलाकडून काही निघत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. पालकांचा आणि खरे तर मुलांचाही पहिला प्रश्न ‘नीट’चा असतो. १८० पैकी ९० प्रश्न आणि ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असताना, पुस्तकाची ओळ न् ओळ पाठ करायची सोडून हे कशाला, असे ते विचारतात. अशा नोंदींमुळे ‘नीट’चे गुण वाढतील, असा दावा मी करणार नाही. वाढतही असतील, पण त्या भरवशावर हे करू नये. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला समोरच्या रुग्णात पुस्तकातले लक्षण दिसले नाही, तर ते दिसले असे लिहिण्याची सवय अकरावीपासून लागलेली असावी काय, एवढा प्रश्न मी पालकसभेत विचारते आणि तेथेच थांबते. ज्या ठिकाणी मुले नावापुरती पटावर असतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात, तेथे मात्र माझी सूचना निरुपयोगी आहे. प्रॅक्टिकलच झाले नाही तर कशावर विचार करायचा?

दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा, आणि तो सर्वांत खरा आहे. तुकडी ८० मुलांची असते. प्रत्येक नोंद वाचून उत्तर द्यायला तीन मिनिटे धरली तरी चार तास होतात, आणि हे पेपर तपासणे, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या वर. म्हणून सगळ्यांच्या सगळ्या नोंदी वाचण्याचा आग्रह धरू नये. प्रत्येक प्रॅक्टिकलला एका बॅचच्याच नोंदी शिक्षकाने वाचाव्यात, बाकीच्या मुलांनी एकमेकांच्या वाचून एक प्रश्न विचारावा. धोरणात सहाध्यायांचे मूल्यमापन म्हटले आहे ते दुसरे काय असणार? मात्र ‘छान’, ‘मस्त’ आणि अंगठा चालणार नाही, प्रश्नच हवा, हा नियम ठेवावा लागतो. शिक्षकानेही लांबलचक अभिप्राय लिहू नये. एक ओळ, तीही प्रश्नाची. गुण द्यायचेच असतील तर निरीक्षण बरोबर आले याला देऊ नयेत. नोंद वेळेवर झाली का, फोटोशी जुळते का आणि आठवड्याने मूल तिच्याकडे परत आले का, एवढेच पाहावे. नाहीतर महिन्याभरात या नोंदीही मागच्या वर्षीच्या ताईकडून येऊ लागतील.

किंवा चॅटजीपीटीकडून येतील. ही शंका रास्त आहे. ‘या प्रयोगातून मला संयमाचे आणि निरीक्षणाचे महत्त्व कळले’ या जातीची गुळगुळीत वाक्ये आताच दिसू लागली आहेत, आणि तशी वाक्ये मुलांकडून काढून घेणारे प्रश्न आपणच विचारतो. ‘या प्रयोगातून तुम्ही काय शिकलात’ असे विचारले की असेच उत्तर येणार. तुमच्या टेबलावरच्या स्लाइडच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात जो काळा गोल दिसतो तो काय असावा, असे विचारले तर मुलाला फोटोकडे पाहावेच लागते. बहुधा तो हवेचा बुडबुडा असतो. दरवर्षी काही मुले त्याला पेशी समजतात आणि बुडबुडा कसा ओळखायचा हे त्यातून कायमचे शिकतात. शंका आलीच तर तोंडी विचारता येते, त्यासाठी तोंडी परीक्षा आहेच. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊन लिहिलेच, तर तसे नोंदीत सांगावे आणि तिने सांगितलेले आपल्या फोटोशी कुठे जुळले नाही तेही लिहावे, अशी सवय लावणे मला बंदीपेक्षा अधिक व्यवहार्य वाटते.

फोनविषयी आपली भूमिका सध्या चमत्कारिक आहे. सकाळी फाटकावर फोन जमा करून घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच फोनवर नोट्सच्या पीडीएफ पाठवायच्या! ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटात फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. याच गटात स्वतःचा फोन असल्याचे ३६.२ टक्के मुलांनी आणि २६.९ टक्के मुलींनी सांगितले. म्हणजे ‘प्रत्येकाने आपापल्या फोनवरून’ असे म्हटले की वर्गातल्या मुली आधी मागे पडणार. म्हणून माझा आग्रह असा की, फोन दर टेबलाला एक असावा, तो कॉलेजचा असावा, प्रयोगशाळेतून बाहेर जाऊ नये आणि नोंद प्रॅक्टिकलच्याच दोन तासांत शेवटची वीस मिनिटे राखून पूर्ण व्हावी. पाच-सहा साधे फोन किंवा टॅब एका प्रयोगशाळेला पुरतात. ज्या शाळांत चांगले सूक्ष्मदर्शकच नाहीत, तेथे मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला कागदी घडीचा फोल्डस्कोप वापरता येतो. तो फोनच्या कॅमेऱ्याला जोडता येतो आणि माशीचा पंख, परागकण किंवा डबक्यातल्या पाण्यातले जीव पाहण्यापुरता उत्तम काम करतो. कांद्याची गुणसूत्रे मात्र त्यात नीट दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये.

मुलांचे लिहिणे जगापुढे मांडण्याचा उत्साह काही शाळांना असतो, त्याबाबत मी सावध राहण्याची विनंती करीन. अर्धवट समजलेली गोष्ट लिहायला मुलाला आडोसा लागतो. नावासह, गणवेशातल्या फोटोसह ती संस्थेच्या पानावर झळकणार हे कळले की मूल पुन्हा पाठ केलेलेच लिहू लागते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानलेली आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवलेली आहे. बारावीचा जवळजवळ सगळा वर्ग त्यात येतो. नोंदी वर्गापुरत्या ठेवाव्यात, चेहऱ्याचे फोटो घेऊच नयेत, आणि लाळेतले एन्झाइम किंवा लघवीतील साखर यांसारख्या प्रॅक्टिकलमध्ये नमुना कोणाचा हे चुकूनही लिहू नये. रक्तगटाच्या बाबतीतही हेच. घरातल्यांचे रक्तगट मांडून आनुवंशिकता शिकवण्याची जुनी हौस एखाद्या मुलाला नको त्या प्रश्नापाशी नेऊ शकते, आणि ते प्रश्न सामायिक दस्तऐवजात तर मुळीच नकोत.

अखेर मंडळाकडे आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे मागणे असे आहे. प्रात्यक्षिकाचे ३० गुण तसेच राहू द्यावेत, परंतु त्यांतील जर्नलच्या वाट्यापैकी काही गुण वर्षभरातल्या मोजक्या, तारीख असलेल्या, अपेक्षेप्रमाणे न आलेल्या निरीक्षणांसह लिहिलेल्या नोंदींसाठी राखून ठेवावेत. छापील जर्नलमध्ये ‘निष्कर्ष’ या रकान्याखाली ‘अपेक्षेपेक्षा वेगळे काय दिसले’ असा एक रकाना छापला तरी सुरुवात होईल. त्याला ना फोन लागतो ना इंटरनेट. या नोंदी मराठीतही स्वीकारल्या जातील, असे लेखी कळवावे, कारण तोंडी सांगितलेले परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नलला मान्य होईलच असे नाही. एक्स्टर्नल परीक्षकांना द्यायच्या सूचनांत, फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद पूर्ण गुणांस पात्र आहे, हे एक वाक्य घालावे. आणि कृपया यासाठी एखादे नवे पोर्टल काढून आम्हाला रोज संध्याकाळी माहिती भरायला बसवू नये. येत्या जूनपासून निदान अकरावीला हे लागू करता आले, तर २०२८ च्या प्रात्यक्षिक परीक्षेला येणाऱ्या जर्नलमध्ये परीक्षकांना कांद्याच्या भरपूर इंटरफेज पाहायला मिळतील.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका,
जि. सातारा